मोखाड्याचा वावळा

नाशिकहून त्र्यंबकेश्वराच्या वाटेने निघालेला जैन यात्रेकरू बहुधा अंजनेरीपाशी थबकतो. डोंगराच्या पायथ्याशी यादवकाळातील मंदिरांचे भग्न अवशेष विखुरले आहेत. त्यांतील काही जैन मंदिरांचे आहेत, आणि तेथील शके १०६३ च्या शिलालेखात आठवे तीर्थंकर भगवान चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दिलेल्या दानाची नोंद आहे. दर्शन होते, पडक्या शिखरांकडे पाहून मन थोडे हळहळते, आणि गाडी फार तर त्र्यंबकपर्यंत जाऊन माघारी वळते. रस्ता मात्र तेथे संपत नाही. तोरंगणच्या घाटाने तो पश्चिमेकडे उतरतो, पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यात शिरतो आणि पुढे जव्हारला जातो.

ही उतरण निव्वळ रस्त्याची नाही. या डोंगररांगेच्या पूर्वेला वाहिलेले पाणी गोदावरीच्या नावाने बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेला वाहिलेले पाणी वैतरणेच्या नावाने अरबी समुद्राकडे धावते. पूर्वेकडच्या पाण्याला घाट, देवळे, पर्वण्या आणि कुंभमेळा लाभला. पश्चिमेकडच्या पाण्याच्या वाट्याला वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी यांचे पाडे आले, आणि अगदी अलीकडे मुंबईचे नळ.

मोखाडा हे तालुक्याचे ठिकाण असले तरी प्रवाशाच्या मनात ते गाव म्हणून कमी आणि डोंगरउतार म्हणून अधिक राहते. नागली आणि वरई पिकवणारे तिरके वरकस तुकडे, खाचरांत भात, बांधांवर खुरासणी, मधूनमधून मोह, ऐन, हिरडा, कुसुंब, पळस. पावसाळ्यात येथे अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो आणि मार्च उजाडता उजाडता विहिरी तळ गाठतात. देवबांधचे गणेशमंदिर, सूर्यमाळचे पठार, जवळच्या जव्हार तालुक्यातील दाभोसा धबधबा आणि मुकणे राजांचा राजवाडा एवढी यादी पर्यटकाला पुरते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून या भागाचे नाव वर्तमानपत्रांत अधिक दिसू लागले. ते बहुतेक वेळा कुपोषणाच्या किंवा पाणीटंचाईच्या बातमीत दिसते, हे दुर्दैव. या भागाच्या झाडांची बातमी कोणी देत नाही.

त्या झाडांतले एक म्हणजे वावळा. काही ठिकाणी त्याला वावळ म्हणतात, काही ठिकाणी त्याच्या फळांवरून पापडा. माघ-फाल्गुनात मोखाड्याच्या रस्त्याने जाणाऱ्याला तो सहज फसवतो. भोवतालची पानझडी झाडे उघडीबोडकी उभी असताना एक उंच झाड मात्र फिकट पोपटी रंगाने गच्च भरलेले दिसते. पाहणाऱ्याला वाटते, नवी पालवी फुटली. जवळ गेल्यावर कळते की झाडावर एकही पान नाही. जी दिसतात ती फळे आहेत. रुपयाच्या नाण्याएवढी, कागदासारखी पातळ, गोल आणि चपटी. फांदीफांदीला त्यांचे झुबके लागलेले असतात. प्रत्येक फळाच्या मध्यभागी एकच चपटे बी आणि त्याभोवती सर्व बाजूंनी पंख. चैत्र-वैशाखात या पापड्या वाळून गवती रंगाच्या होतात आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर सुटतात. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेच्या चरांत, घरांच्या कौलांवर, देवळाच्या ओट्यावर त्यांचे थर साचतात. झाड स्वतः राखाडी सालीचे. वय वाढले की ती साल खवल्याखवल्यांनी सुटते. पान चुरगाळले तर उग्र, नकोसा वास येतो. लाकूड पिवळसर, हलके आणि फारसे टिकाऊ नसलेले; आगपेट्या, खोकी, स्वस्त फर्निचर यांच्या उपयोगाचे. सागाला जी किंमत आहे तिच्या पासंगालाही हे झाड पुरत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते इतक्या ठिकाणी उरले आहे.

पाड्यावरची मुले या पापड्या चोळून त्यांचा पंख काढतात आणि आतले बी तोंडात टाकतात. चव शेंगदाणा आणि चारोळी यांच्या मधली. भाजले तर अधिक चांगले लागते. येथे श्रावकाच्या मनात दोन प्रश्न उभे राहतील. कच्चे बी सचित्त आहे. ज्याचा सचित्तत्याग आहे त्याने ते भाजल्याशिवाय तोंडात घालू नये, हे उघड आहे. दुसरा प्रश्न जरा रंजक आहे. २२ अभक्ष्यांच्या यादीत अज्ञात फळाचाही समावेश आहे. ज्याचे नाव, गुण आणि परिणाम ठाऊक नाहीत ते खाऊ नये. हा नियम सहसा विषबाधेच्या भीतीने समजावून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की खाण्यापूर्वी झाडाला नावाने ओळखण्याचे बंधन तो घालतो. आज शहरातील घरांत बदाम, पिस्ते आणि अक्रोड नावाने माहीत आहेत, आणि दाराशी उभा असलेला वावळा अज्ञात फळांत मोडतो. मोखाड्याच्या सात वर्षांच्या मुलाला तो अज्ञात नाही.

या झाडाची नावे पुष्कळ आहेत. आयुर्वेदात ते चिरबिल्व या नावाने येते, हिंदीत ते चिलबिल आहे. इंग्रजीत त्याला 'इंडियन एल्म' म्हणतात, आणि या शेवटच्या नावात त्याच्या कुळाची एक लांबलचक हकिगत दडली आहे.

एल्म हा युरोप, आशियाचा थंड भाग आणि उत्तर अमेरिका येथील झाडांचा मोठा गोत्रसमूह. कोरोमंडल किनाऱ्यावर आणि पुढे कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात काम केलेले विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वावळ्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याची पंखदार फळे पाहून त्यांनी त्याला एल्मच्याच गोत्रात घातले आणि 'उल्मस इंटिग्रिफोलिया' असे नाव दिले. इंटिग्रिफोलिया म्हणजे अखंड कडेच्या पानाचा. खऱ्या एल्मचे पान करवतीसारखे दातेरी असते, त्याच्या देठाकडच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. वावळ्याच्या पानाची कड मात्र गुळगुळीत. हा फरक पुढच्या अभ्यासकांना महत्त्वाचा वाटला. १८४८ मध्ये प्लांशाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने वावळ्यासाठी 'होलोप्टेलिया' हे निराळे गोत्र केले. कूळ एल्मचेच राहिले, घर वेगळे झाले. या नव्या घरात फक्त दोन जाती आहेत. एक आपला वावळा. दुसरी आफ्रिकेच्या उष्ण जंगलांत.

खऱ्या एल्मच्या घरात मात्र एकत्र कुटुंबासारखी गर्दी आहे आणि तेथील नातेसंबंध लावता लावता युरोपातील अभ्यासकांच्या पिढ्या थकल्या. तेथे दोन एल्म प्रमुख. एक डोंगरी, बियांपासून वाढणारा. दुसरा सखल मैदानातला, मुळांतून धुमारे काढून पसरणारा. जेथे दोघांचे रान एकमेकांस भिडते तेथे वारा एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर नेतो आणि कोणीही कलम न करता, कोणीही बी न पेरता, एक तिसरे झाड उभे राहते. त्याला शास्त्रात 'उल्मस हॉलंडिका' असे नाव आहे. हा संकर वांझ नाही. तो पुन्हा आईच्या जातीशी आणि बापाच्या जातीशी मिसळतो, त्यांची संतती आणखी मिसळते, आणि शेवटी एखाद्या कुंपणातला एल्म नेमका कोणाचा, हे सांगणे अवघड होऊन बसते. हॉलंडमधील कालव्यांच्या काठी लावलेले उंच एल्म अशाच एका संकराची कलमे होत.

विसाव्या शतकात या घरावर संकट आले. १९२० च्या सुमारास हॉलंड आणि आसपासच्या देशांत एल्म वाळू लागले. बेआ श्वार्त्स या तरुण डच संशोधिकेने त्यामागची बुरशी शोधून काढली. साल पोखरणारे लहान भुंगेरे ती बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात आणि झाडाच्या रसवाहिन्या बंद पडतात. शोध हॉलंडमध्ये लागला म्हणून रोगालाच डच नाव चिकटले. ज्यांनी दिवा लावला त्यांच्याच माथी काजळी लागावी, तसा हा प्रकार. पुढे १९६० नंतर याच बुरशीचा अधिक उग्र प्रकार पसरला आणि एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींच्या आसपास एल्म नष्ट झाले. खेड्यापाड्यांची ओळख असलेला 'इंग्लिश एल्म' जवळजवळ पुसला गेला. तो इतक्या सहज का गेला, याचे उत्तर २००४ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी दिले. त्यांच्या तपासणीत असे आढळले की इंग्लंडभर पसरलेली ती झाडे मुळात एकाच झाडाचे धुमारे होती; रोमन लोकांनी द्राक्षवेलींना आधार म्हणून आणलेल्या एका झाडाचा तो विस्तार. दिसायला लाखो वृक्ष, जनुकांच्या हिशेबाने एकच देह. एकाला जे मारू शकले ते सर्वांना मारू शकले.

यानंतर डच संशोधकांनी जगभरचे एल्म गोळा करून रोगाला तोंड देणारी नवी झाडे तयार करण्याचा प्रयत्न केला. त्यांतील काही यशस्वी झाडांत हिमालयातील एल्मचे रक्त आहे, असे म्हणायला हरकत नाही. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे नंतरचे अधीक्षक नथॅनिएल वॉलिक यांच्या नावाने तो हिमालयी एल्म ओळखला जातो. काश्मीरच्या डोंगरउतारावर गुरांसाठी ज्याच्या फांद्या तोडल्या जातात, त्याचे नातवंड डच शहरातील रस्त्यावर उभे आहे.

यावरून संकर म्हणजे सरसकट तारण असा निष्कर्ष कोणी काढू नये. अमेरिकेत बागांच्या शोभेसाठी सैबेरियातील एल्म नेला गेला. तो रानात निसटला आणि तेथील स्थानिक लाल एल्मशी आपोआप मिसळू लागला. संकर धट्टाकट्टा निघाला, पण शुद्ध लाल एल्म काही ठिकाणी त्यात विरघळत चालला आहे. मिसळण्याने एक वंश वाचतो, एक हरवतो. नेमके काय घडेल हे त्या रानावर आणि तेथे माणसाने आधी काय करून ठेवले आहे त्यावर ठरते.

आता पुन्हा मोखाड्याकडे वळावे. येथील वावळ्यापुढे हा पर्यायच नाही. त्याच्या गोत्रातला दुसरा भाऊ समुद्रापलीकडे आफ्रिकेत. खरे एल्म हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. ते भेटले असते तरी घर वेगळे असल्याने कितपत जमले असते, हा प्रश्नच आहे. तेव्हा येथील वावळ्याला वारा जे काही आणून देऊ शकतो ते दुसऱ्या वावळ्याचे पराग. खोडाळ्याच्या वळणावरचा आणि सूर्यमाळच्या उतारावरचा, ओढ्याच्या काठचा आणि मुरमाड माळावरचा, असे निरनिराळ्या जागी रुजलेले वावळे जोपर्यंत एकमेकांच्या वाऱ्याच्या टप्प्यात आहेत, तोपर्यंत त्यांच्या बियांत वैविध्य राहील. त्यांच्यावर उद्या एखादा रोग आलाच तर त्याला तोंड देणारे झाड निघण्याची आशा याच वैविध्यात आहे. इंग्लंडच्या एल्मकडे ते नव्हते. म्हणून येथे प्रश्न एखादा वावळा वाचवण्याचा नाही. पुष्कळ आणि वेगवेगळे वावळे उभे राहण्याचा आहे. एकट्या उरलेल्या झाडाभोवती पार बांधला, त्याला शेंदूर फासला, तरी हे काम होत नाही.

चोवीस तीर्थंकरांच्या केवलज्ञानाच्या वृक्षांत वावळा नाही. भगवान ऋषभदेवांचा वट, अनंतनाथांचा पिंपळ, नमिनाथांचा बकुळ, महावीरांचा शाल ही नावे पाठशाळेतील मुलांना पाठ असतात. अंजनेरीच्या चंद्रप्रभांचा नागवृक्ष काहींना आठवेल. या यादीतील झाडांना समाजाने मंदिरांच्या आवारात जागा दिली, त्यांची नक्षत्रवनासारखी तीर्थंकर-वनेही आता ठिकठिकाणी होऊ लागली आहेत. त्याबद्दल समाधान वाटावे. परंतु वनस्पतिकायाचा विचार या यादीपुरता कधीच नव्हता. आचारांगात मनुष्यदेह आणि वनस्पती यांची तुलना येते: दोघेही जन्मतात, वाढतात, दोघांनाही चेतना आहे, तोडले की दोघेही म्लान होतात. तेथे पूज्य झाड आणि सामान्य झाड असा भेद केलेला नाही. प्रज्ञापनासूत्राने झाडांचे एकास्थिक आणि बहुबीजक, म्हणजे एका बीच्या आणि अनेक बियांच्या फळांची झाडे असे दोन वर्ग केले. ज्यांनी फळ फोडून आतली बी मोजली, त्यांनी रान डोळे उघडे ठेवून पाहिले होते.

आणि झाडाकडे कसे जावे याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे षड्लेश्यांचे जांभळाचे झाड. सहा भुकेले वाटसरू फळांनी लगडलेल्या झाडापाशी येतात. एक म्हणतो, मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठे खोड छाटू. तिसऱ्याला फांद्या पुरेशा वाटतात, चौथ्याला घोस. पाचवा फक्त पिकलेली फळे खुडावी म्हणतो. सहावा म्हणतो, खाली पडलेली काय थोडी आहेत? कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचे हे चित्र बहुतेक स्थानकांच्या आणि मंदिरांच्या भिंतींवर टांगलेले असते. पुष्कळदा त्याच्याकडे पाहून आपण सहावे आहोत असे वाटते आणि तेथेच विषय संपतो.

मोखाड्यात हे चित्र भिंतीवर नाही, डोंगरावर आहे. पीक निघाल्यानंतर थंडीच्या दिवसांत शेतकरी कोयता घेऊन झाडावर चढतो आणि टहाळ तोडतो. ऐनाला पहिली पसंती. जवळ जे असेल तेही चालते. टहाळ वाळवतात, भाताची किंवा नागलीची रोपे जेथे करायची त्या तुकड्यावर तो, शेण, पाचोळा आणि वर माती असे थर देतात आणि उन्हाळ्यात पेटवतात. यालाच राब म्हणतात. जाळल्याने तणाचे बी मरते, मातीला ऊब आणि राख मिळते, पहिल्या पावसात रोप जोमाने उठते. ज्या जमिनीची माती मुसळधार पाऊस दरवर्षी धुऊन नेतो, तेथे हा उपाय शेकडो वर्षे टिकला तो काही अज्ञानामुळे नव्हे. १८७८ च्या वनकायद्यानंतर सरकारने राबावर निर्बंध आणले, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. सरकारचे म्हणणे होते, या लोकांनी जंगल खाल्ले. लोकांचे म्हणणे होते, फांदी आम्ही घेतो, बुंधा तुम्ही नेता.

राबात हिंसा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. फांदी तुटते, आगीत मातीतले असंख्य जीव मरतात. कोणत्याही श्रावकाला ते दृश्य सोसवणार नाही. परंतु गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार आचार्यांनी सांगितले, ते अशाच जागी विवेक करता यावा म्हणून. शेतकऱ्याचा राब पोटासाठीच्या उद्योगातला आहे. सहा वाटसरूंच्या ओळीत तो तिसऱ्याच्या जागी उभा आहे. बुंधा राखतो, कारण पुढच्या वर्षीही त्याला त्याच झाडाकडे यायचे आहे. कोयत्याने वारंवार छाटलेले ऐन खांबासारखे सरळ आणि वर तुऱ्याएवढा पाला असलेले दिसतात. ते सुंदर नाहीत, पण जिवंत आहेत. वावळा याबाबतीत नशीबवान. त्याचा पाला थंडीच्या अखेरीस आपणहून गळतो, लाकडाला भाव नाही. गुरांना पाला आणि पोरांना पापड्या एवढ्यावर त्याची सुटका होते.

मग पहिला आणि दुसरा वाटसरू कोण? उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या निमित्ताने ज्या १५ कर्मादानांचा निषेध आला आहे, त्यांत अगदी पहिले इंगालकर्म, म्हणजे कोळसा पाडण्याचा धंदा. दुसरे वनकर्म, म्हणजे जंगल तोडून विकणे. वणवा लावणे हेही त्या यादीत आहे. एवढ्या सगळ्या धंद्यांतून कोळसा आणि लाकूड यांना अग्रस्थान मिळाले, याकडे लक्ष द्यावे. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन होण्यापूर्वी जंगलाचे उत्पन्न त्याच्या खजिन्याचा मोठा आधार होता. त्यानंतरही डोंगर रिकामे होत राहिले. कोळशाच्या भट्ट्यांवर राबले ते कातकरी. कोळसा गेला तो शहरांकडे. व्रतात कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भाग आहेत. कुऱ्हाड ज्याच्या हातात होती त्याच्यापाशी या हिशेबाचा एकच भाग जमा होतो. उरलेले दोन भाग ज्यांच्या खात्यावर पडतात त्यांनी मोखाडा पाहिलेलाही नसतो.

पाण्याचेही तसेच. तालुक्यातील कोचाळे गावाजवळ वैतरणेवर उभे राहिलेले मध्य वैतरणा धरण सुमारे १०२ मीटर उंच आहे आणि मुंबईला रोज ४५.५ कोटी लिटर पाणी देते. २०१४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. त्याच्या जलाशयाखाली जे रान गेले त्यात कोणकोणती झाडे होती, हे मुंबईच्या नळाला विचारून कळणार नाही. गारगाई आणि पिंजाळ या नद्यांवरही मुंबईसाठी धरणे बांधण्याच्या योजना आहेत. शहराला पाणी हवे, यात वाद नाही. पण ज्या तालुक्यातून ते येते तेथील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते, हंडे रांगेत ठेवले जातात. गाळलेले आणि उकळलेले पाणी पिणाऱ्या घराने, ते कोणत्या डोंगरावरून आले एवढे तरी जाणून घ्यायला हवे. जलकायाची जयणा नळाच्या तोटीपासून सुरू होत नाही.

चातुर्मासात अनेक संघ वृक्षारोपण करतात. रोपे बहुधा एकाच रोपवाटिकेतून येतात, आणि रोपवाटिकेतील शेकडो रोपे पुष्कळदा एकाच सोयीच्या झाडाखालून गोळा केलेल्या बियांची असतात. इंग्लंडच्या एल्मची कथा वाचल्यावर यातील धोका निराळा सांगायला नको. मोखाडा-जव्हार भागात किंवा नाशिक, वाडा, शहापूर परिसरात ज्यांना झाडे लावायची आहेत त्यांनी वावळा जरूर घ्यावा. तो लवकर वाढतो, कोरड्या मुरमातही तग धरतो. मात्र उत्तरेकडील काही शहरांत त्याच्या परागांची दम्याच्या रुग्णांना बाधा होते असे आढळले आहे. तेव्हा दवाखाना, शाळा किंवा दाट वस्तीच्या ऐन मध्यात तो लावू नये. बांध, ओढ्याचा काठ, देवराई, गावाबाहेरची गायराने ही त्याची जागा.

बी गोळा करायचे तर एप्रिलची अखेर आणि मे महिना योग्य. नाशिक-त्र्यंबक-मोखाडा हा रस्ता सोयीचा. मुंबईकडून येणाऱ्यांना कसारा स्थानकावरून विहीगाव-खोडाळामार्गे येता येते. चौविहार पाळणाऱ्यांनी डबा बरोबर ठेवावा आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे. वाटेत नागलीची भाकरी मिळू शकते, पण नेमकी कोठे आणि केव्हा याचा भरवसा नाही. नाशिकजवळ म्हसरूळच्या गजपंथ क्षेत्री मुक्काम करून एका दिवसात हा फेरा होतो. झाडाला काठी मारू नये, दुपारचा वारा ते काम करतो. निरनिराळ्या पंधरा-वीस झाडांखालच्या थोड्या थोड्या पापड्या वेचाव्या, गावकऱ्यांना विचारूनच वेचाव्या, आणि ज्या मुलांचा तो खाऊ आहे त्यांच्यासाठी पुरेशा ठेवाव्या. वाळलेल्या पापड्या कापडी पिशवीत, सावलीत ठेवाव्या. पंख काढण्याची गरज नाही. हे बी वर्षानुवर्षे टिकत नाही, म्हणून त्याच पावसाळ्यात पेरावे.

रोपे उगवली की रोपवाटिकेतील माणूस एकदा तरी चक्रावतो आणि चुकीचे बी पेरले की काय असे विचारतो. कारण मोठ्या वावळ्याच्या पानाची कड गुळगुळीत असते, आणि या कोवळ्या रोपांच्या पानांना मात्र कडेने बारीक दात असतात, खऱ्या एल्मला असतात तसे. बी चुकलेले नसते. झाड मोठे होऊ लागले की नव्या पानांवर ते दात येईनासे होतात.